रेघ ज्याची त्याची

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण कथेवर बोललो, कवितेवर वाद घातले, आत्मकथनांची दखल घेतली. आपली भाषा कोणती, आपला अनुभव कोणता आणि तो सांगण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नांवर पुष्कळ शाई खर्ची पडली. ते आवश्यकच होते. पण या साऱ्या खटाटोपात शब्दाच्या आधी येणारी एक गोष्ट आपण बाजूला ठेवली. मूल अक्षर गिरवायला शिकते त्याच्या कितीतरी आधी ते भिंतीवर रेघ ओढते. आपण इथे आहोत याची त्याने दिलेली ती पहिली साक्ष. या साक्षीचे पुढे काय होते, कोणाच्या हातात ती टिकते आणि कोणाच्या हातून पुसली जाते, यावर आपल्या समीक्षेने फारसे लिहिलेले नाही.

सोलापूरचे संमेलन झाले त्याच वर्षीच्या मे महिन्यात अलिबागजवळ किहीम येथे नसरीन मोहमदी वारल्या. वय 53. त्यानंतर 19 वर्षांनी, 2 जुलै 2009 रोजी, मुंबईत तैयब मेहता गेले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या घरात काढली. एक कराचीत जन्मलेली आणि लहानपणी मुंबईला आलेली, दुसरा गुजरातेतल्या कपडवंजचा आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात वाढलेला. दोघांचेही काम आज जगभरच्या संग्रहालयांत आहे. दोघांनीही मराठीत एक ओळ लिहिली नाही. मग मराठीतल्या मुसलमान लेखकांच्या वार्षिकात त्यांचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आपल्या लेखकांना ज्या प्रश्नाने छळले तोच प्रश्न या दोघांच्या वाट्याला आला होता, आणि त्यांनी तो शब्दावाचून सोडवला. आपले नाव वाचून लोक आपल्याकडून काही ठरावीक अपेक्षा करतात. त्या अपेक्षेच्या बाहेर स्वतःची खूण उमटवायची कशी, हा तो प्रश्न.

नसरीन यांच्या चित्रांवर दोन शिक्के तयार असतात. पहिला, ही इस्लामी भूमिती आहे. नाव नसरीन, चित्रात माणूस नाही, सरळ रेघा आहेत, म्हणजे मशिदीच्या जाळीचेच हे आधुनिक रूप. दुसरा, ही पाश्चात्त्य मिनिमल कला आहे. अमेरिकेत अॅग्नेस मार्टिन यांनी पेन्सिलीच्या रेघांनी जे केले त्याचीच ही भारतीय आवृत्ती. तैयब यांच्याबाबत उलट तक्रार. मुसलमान असून काली का, महिषासुर का? हा प्रश्न विचारणारे दोन्हीकडचे असतात. तिन्ही प्रकारच्या वाचनांत एक गोष्ट समान आहे. रेघेकडे कोणी पाहत नाही, सारे नावाकडे पाहतात. आम्हाला येथे रेघेकडे पाहायचे आहे.

हाताला लागणारे वळण

रेघ म्हणजे मनाची मुक्त भरारी, असा एक भाबडा समज आहे. आपल्या परंपरेला तो कधीच मान्य नव्हता. खत शिकणाऱ्या मुलाला उस्ताद आधी तख्तीवर बसवीत. कलमाचा कत तिरपा कापायचा, त्या कताने कागदावर जो चौकोनी ठिपका उमटतो तो नुक्ता, आणि त्या नुक्त्याने साऱ्या अक्षरांचे माप घ्यायचे. अलिफ किती नुक्त्यांचा उंच, बे किती नुक्त्यांचा रुंद, हे ठरलेले. ओळ सरळ यावी म्हणून मिस्तर वापरीत: पुठ्ठ्यावर समान अंतराने दोरे ताणून शिवायचे, त्यावर कागद ठेवून अंगठ्याने दाबायचा, की कागदावर ओळी उठतात. शाई न लावता आखलेल्या त्या रेघा लिहून झाल्यावर कोणाला दिसतही नसत.

अक्षरांच्या या मापाचे श्रेय परंपरेने बगदादच्या इब्न मुक्लाला दिले जाते. दहाव्या शतकातला हा वजीर. राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला, आणि सांगतात की, तोडलेल्या हाताला कलम बांधून तो लिहीत राहिला. या कहाणीचा भावार्थ फार महत्त्वाचा आहे. माप सगळ्यांना सारखे असते, पण लिहिणारा माणूस मापात मावत नाही. एकाच उस्तादाचे दोन शागीर्द, एकच कत, एकच नुक्ता. तरी जाणकार माणूस अलिफ पाहून सांगतो की हा कोणाचा. शिस्तीमुळे व्यक्तित्व मरत नाही. उलट सारे काही सारखे करून झाल्यावर जो फरक उरतो, तेच खरे व्यक्तित्व.

ही गोष्ट बगदादला जाऊन शोधण्याची गरज नाही. कुर्ला, गोवंडी भागातल्या जरीच्या कारखान्यांत आजही खाका बनतो. नक्षी आधी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने काढायची. मग त्या रेघेवरून सुईने बारीक बारीक भोके पाडीत जायचे. तो कागद अड्ड्यावर ताणलेल्या कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पूड कापडाच्या बोळ्याने वरून घासायची, की भोकांतून ठिपके उतरून नक्षी कापडावर उमटते. त्यावर आरीचे काम चालते. काम पूर्ण झाले की खाली उमटलेली खूण टाक्यांखाली झाकली जाते. पेन्सिलीची पहिली रेघ ज्याने काढली त्याचे नाव कुठेच राहत नाही.

आणि तिसरे उदाहरण तर आपल्या घराघरांतले आहे. कोकणातली, तशीच जोगेश्वरी-कुर्ल्यातली आपली कितीतरी मुले आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करून आखाती देशांत गेली. संगणक येण्याआधी त्यांच्या हातात जे हत्यार होते ते रूलिंग पेन: पोलादाची दोन पाती, मध्ये शाईचा थेंब, बाजूला एक स्क्रू. स्क्रू पिळला की रेघ बारीक होते, सैल केला की जाड. हात थांबला तर शाईचा गोळा पडतो, घाई झाली तर रेघ तुटते. टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर लावून, दम रोखून ती रेघ ओढावी लागे. नसरीन मोहमदी यांनी आपली चित्रे काढली ती अशाच रूलिंग पेनाने आणि ड्राफ्टिंग टेबलावर. त्यांच्या घरचा व्यापारही आखातात, बहरीनमध्ये, होता. आपल्या भावा-चुलत्यांच्या हातात आणि नसरीन यांच्या हातात हत्यार एकच होते, हे लक्षात घेतले तर ही चित्रे आपल्याला इतकी परकी वाटणार नाहीत.

फरक आहे तो रेघेच्या कामात. ड्राफ्ट्समनची रेघ भिंतीकडे बोट दाखवते. भिंत उभी राहिली की तिचे काम संपते. नसरीन यांची रेघ दुसऱ्या कशाकडेच बोट दाखवत नाही, म्हणून ती संपत नाही.

नसरीन यांची जाळी

नसरीन थेट या रेघेवर आल्या नाहीत. 1954 ते 1957 लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत त्या शिकल्या. 1961 साली मुंबईत गॅलरी 59 मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. पुढे फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला राहून त्या परतल्या. मुंबईतल्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्या काम करीत, तिथेच वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. त्या काळातली त्यांची चित्रे पाहिली तर त्यांत झाडाच्या फांद्या, पाण्याची ओल, वाळूचे पट्टे यांचे भास आहेत. शाई पसरलेली आहे, ब्रश मोकळा आहे. ती चित्रे देखणी आहेत, पण ती आणखी कोणी काढली असती तरी चालले असते असे आम्हाला वाटते. त्या काळच्या गीतात्म अमूर्त चित्रकलेचा सूर त्यांत आहे. नसरीन यांचा नाही.

1972 साली त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या ललित कला विद्याशाखेत शिकवू लागल्या, आणि सत्तरच्या दशकात हे सारे गळून पडले. रंग गेला. ब्रश गेला. कॅनव्हास गेला. उरला साधारण हाताच्या कवेत मावेल एवढा कागद, पेन्सिल आणि शाई. आडव्या-उभ्या रेघांची जाळी. ऐंशीच्या दशकात तीही विरळ झाली. पांढऱ्या कागदावर तिरप्या जाणाऱ्या थोड्या रेघा, एखादा चाप, बाकी सारे रिकामे. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीख नाही, सहीसुद्धा नाही.

सही न करणाऱ्या बाईच्या चित्रात वैयक्तिक अभिव्यक्ती कुठली, असा प्रश्न येथे रास्त आहे. उत्तर त्या जाळीतच आहे. मशिदीची किंवा मकबऱ्याची जाळी आठवा. तिथे एक आकृती घेऊन ती चहूबाजूंनी पुन्हा पुन्हा बसवलेली असते. कुठूनही सुरुवात करा, नियम तोच. त्या पुनरावृत्तीत कारागिराने स्वतःला मुद्दाम पुसलेले असते, आणि तिचे सौंदर्यही त्यातच आहे. नसरीन यांची जाळी अशी नाही. दोन रेघांमधले अंतर बदलते. एक रेघ डावीकडे गडद निघते आणि उजवीकडे जाता जाता फिकी होत पेन्सिलीच्या राखेत विरते. चार रेघा सलग जातात, पाचवी मध्येच थांबते. कधी दोन रेघा एकमेकींना टेकतील असे वाटते आणि त्या टेकत नाहीत. नियमाची अपेक्षा निर्माण करायची आणि तिला हळूच बगल द्यायची, ही या चित्रांची रीत आहे. पट्टी लावून ओढलेली रेघ इतकी व्यक्तिगत असू शकते, हा नसरीन यांचा शोध आहे.

त्यांनी फतेहपूर सिक्रीचे फोटो काढले हे खरे. त्यावरून इस्लामी वारशाचा निष्कर्ष काढणारे मात्र त्यांचे बाकीचे फोटो विसरतात. त्यांत मागावर ताणलेले सुताचे धागे आहेत, रस्त्यावरचे पांढरे पट्टे आहेत, समुद्राने ओल्या वाळूवर सोडलेल्या खुणा आहेत. सिक्रीचा फरसबंद चौक आणि डांबरी रस्त्यावरचा पट्टा त्यांच्या डोळ्यांना सारखाच मोलाचा होता. हे फोटो त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडले नाहीत. ते बघण्याचा रियाज होते. वारसा त्यांनी नाकारला नाही, तसा मिरवलाही नाही. वारसा मिरवण्याच्या आजच्या दिवसांत हा संयम शिकण्यासारखा आहे.

नसरीन यांच्या डायऱ्या प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांत दोन-चार ओळींच्या नोंदी आहेत, स्वतःला केलेल्या सूचना आहेत, एकटेपण आहे. पण आम्हाला महत्त्वाची वाटतात ती डायरीची शाईने झाकलेली पाने. लिहिलेल्या मजकुरावर त्यांनी काळे पट्टे ओढले आहेत. नुसती खाडाखोड नव्हे. पट्ट्यांची जाडी, त्यांच्यामधली फट, सारे तोलून केलेले आहे. शब्द बुजवता बुजवता चित्र तयार झाले आहे. आत्मकथन करणाऱ्या आपल्या लेखकांनी, विशेषतः लेखिकांनी, ही पाने जरूर पाहावीत. सगळे सांगितले म्हणजेच अभिव्यक्ती झाली असे नाही. काय झाकले आणि ते कोणत्या हाताने झाकले, यातही माणूस दिसतो.

अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांच्या हालचालींवरचा ताबा सुटत गेला. चालताना तोल जाई, हात ऐकत नसे. आणि याच काळातल्या रेघा सर्वांत नेमक्या आहेत. ज्या हाताला कप धरणे अवघड, त्या हाताने केसाएवढी रेघ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता नेली. यात चमत्कार शोधू नये. मिस्तरच्या दोऱ्यासारखी पट्टी तिथे होती, वर्षांचा सराव होता, आणि हाताला टेकायला दुसरे काही उरले नव्हते.

तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या चित्रांचे छापील रूप जवळजवळ निरुपयोगी असते. पेन्सिलीच्या दाबातले चढउतार छपाईत मरतात आणि उरतो तो वहीच्या पानासारखा आखलेला कागद. ज्यांनी केवळ पुस्तकातून ही चित्रे पाहिली त्यांना ती थंड वाटली तर दोष त्यांचा नाही. शिवाय काही चित्रांत नसरीन स्वतःच इतक्या दूर निघून जातात की, मागे येणाऱ्याला धरायला काही राहत नाही. 2016 साली न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची मेट ब्रॉयर ही शाखा ज्या प्रदर्शनांनी उघडली त्यांत एक नसरीन यांचे होते. तेवढ्याने प्रत्येक कागद श्रेष्ठ ठरत नाही.

तैयब यांची तिरकी रेघ

नसरीन यांनी माणूस वगळला. तैयब मेहतांना तो वगळता आला नाही. 1947 च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार केले, ते घराच्या खिडकीतून तरुण तैयब यांनी पाहिले. मुलाखतींतून त्यांनी ही आठवण सांगितली आहे. मेलेला हिंदू होता की मुसलमान, या हिशेबाला त्यांच्या चित्रांत जागा नाही. तिथे नुसते कोसळणारे शरीर आहे. पंख मोडलेला पक्षी, पडणारा माणूस, पाय बांधलेला बैल. बैलाचा तो आकार त्यांना वांद्र्याच्या कत्तलखान्यात सापडला. पुढे हा कत्तलखाना देवनारला गेला. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील ज्या व्यवसायात होते, ज्याचा उल्लेख बाहेर करताना आपण आवाज खाली आणतो, त्या जागी हा चित्रकार वही घेऊन गेला. 1970 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी ‘कूडल’ हा लघुपट केला, त्यातही हा कत्तलखाना आहे. त्याला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला.

पण जोवर केवळ विषय होता तोवर तैयब यांना स्वतःची रेघ मिळाली नव्हती. साठच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत रंगाचे जाड थर आहेत, युरोपीय चित्रकारांची छाया आहे. दुःख आहे, पण ते रंगाच्या राड्यात अडकलेले. 1968 साली ते रॉकफेलर फेलोशिपवर न्यू यॉर्कला गेले. तिथे बार्नेट न्यूमन यांचे सपाट रंगाचे मोठे पट त्यांनी पाहिले. परतल्यावर, 1969 साली, अडलेल्या एका कॅनव्हाससमोर वैतागून त्यांनी त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळा फटकारा ओढला, असे ते सांगत. त्या फटकाऱ्यातून ‘डायगोनल’ मालिका निघाली.

ही तिरकी रेघ चित्राला कापते. तिच्या एका बाजूला अर्धा चेहरा, दुसऱ्या बाजूला सरकलेला खांदा. हात एका अंगाचा, पंजा दुसऱ्या. अनेकांनी तीत फाळणी पाहिली. तो अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. फाळणीची रेघ तुकडे अलग करते. तैयब यांची रेघ त्या तुकड्यांना चित्रात धरूनही ठेवते. ती काढून टाका, सारे अवयव विखरून पडतील. जखम आणि टाका एकच, अशी ही रेघ आहे. काही वर्षांनी ती चित्रातून दिसेनाशी झाली, पण तिने शिकवलेले राहिले. पुढच्या चित्रांत रंग सपाट झाले, बाह्यरेषा पातळ आणि नितळ झाली, आणि शरीरे त्या न दिसणाऱ्या तिरप्या ओढीने मुडपत राहिली. मिस्तरच्या रेघांप्रमाणे ती आता कागदाखाली होती.

काली आणि महिषासुर या वळणावर आले. 1984-85 मध्ये तैयब शांतिनिकेतनात होते. त्यानंतर या आकृती त्यांच्या चित्रांत वारंवार येतात. त्या तिथे पूजेसाठी आल्या नाहीत आणि उपमर्दासाठीही नाहीत. ज्याला एकमेकांत गुंतलेली, मारणारी आणि मरणारी शरीरे एकाच रेघेत बांधायची आहेत, त्याला देवी आणि महिष यांच्याहून नेमकी जोडी या मातीत कोणती मिळणार होती? 1947 मध्ये खिडकीतून पाहिलेल्या प्रसंगात मारणारा आणि मरणारा वेगळे होते. महिषासुराच्या चित्रांत ते कुठे संपतात आणि कुठे सुरू होतात हे सांगता येत नाही. चाळीसएक वर्षांनी रेघेने केलेला हा विचार आहे. त्याला धर्मांतराच्या वा धर्मनिष्ठेच्या तराजूत घालणे म्हणजे चित्र न पाहणे.

तैयब फार कमी काम ठेवीत. मनाजोगते न झालेले कॅनव्हास ते नष्ट करीत. त्यामुळे उरलेल्या कामात सैलपणा नाही. पण अखेरच्या काळातल्या काही चित्रांत रचना इतकी पक्की झाली की, धोका उरला नाही. 1969 चा तो फटकारा पुढे काय होईल हे न कळता ओढला होता. नंतरच्या नितळ बाह्यरेषेला उत्तर आधीच ठाऊक असते. या उणिवेवर बोलले जात नाही, कारण किमतीच बोलतात. 2002 साली त्यांचे एक चित्र दीड कोटींना गेले तेव्हा वृत्तपत्रांनी मथळे केले. 1956 चे ‘ट्रस्ड बुल’ 2025 साली 61 कोटींवर गेले. ज्या बैलासाठी त्यांनी कत्तलखान्यात पाय ठेवला त्या बैलाची बोली आपल्याला तोंडपाठ झाली. त्याच्या पाठीच्या रेघेबद्दल दोन वाक्ये बोलणारा माणूस मात्र मिळत नाही.

उपनगरातली बोटे

या दोघांना शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. दोघांनाही स्वतःची अभिव्यक्ती सापडली ती अधिक सांगून नव्हे, तर येणाऱ्या बऱ्याच गोष्टी सोडून देऊन. नसरीन यांनी रंग सोडला, तैयब यांनी रंगाचे थर. हाताला जे सहज जमत होते ते थांबवल्यावर मग जी रेघ उरली ती त्यांची. तिला मुसलमानी म्हणता येत नाही आणि बिगरमुसलमानीही म्हणता येत नाही. ती ज्याची त्याची आहे.

आता अंधेरी ते बोरिवली आणि कुर्ला ते मुलुंड या पट्ट्यातल्या आपल्या घरांकडे वळू. शाळेत आठवी-नववीची मुलगी शासकीय रेखाकला परीक्षेला बसते, एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात म्हणून घरचेही बसू देतात. वस्तुचित्र चालते, संकल्पचित्र चालते, भूमिती आणि अक्षरलेखन तर आवडतेच. अडते ते स्मरणचित्राशी, कारण तिथे बाजार, सण, बसस्टॉप काढायचा म्हणजे माणसे काढावी लागतात. तस्वीर जायज की नाजायज हा वाद सुरू होतो, आणि त्या वादात पुष्कळदा पेन्सिलच बंद होते. सजीवाच्या चित्राबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. त्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, जो हा आक्षेप मनापासून मानतो त्याच्याही घरात वही बंद करण्याचे कारण उरत नाही. नसरीन यांचे पूर्ण आयुष्य त्याचा पुरावा आहे. एकही माणूस न काढता केवळ रेघेत आयुष्यभर राहता येते. आणि जो आक्षेप मानत नाही त्याच्यासाठी तैयब आहेत, ज्यांनी माणूस काढला तो हौसेने नव्हे, पाहिलेले विसरता येईना म्हणून.

तीच मुलगी चांदरातीला कुर्ल्याच्या बाजारात मेंदीचा कोन घेऊन बसते. आखणी नाही, खोडरबर नाही, समोरचा हात सतत हलतो, आणि ती मनगटापासून बोटांपर्यंत एका दमात वेल नेते. दाब किती द्यायचा, कुठे उचलायचे, कुठली जागा मोकळी ठेवायची, हे सारे तिच्या बोटांना कळते. दहा-पंधरा दिवसांत ते धुऊन जाते. आपल्या बायकांच्या हातातली कला नेहमी अशीच का असावी, मेंदीसारखी पुसणारी नाही तर खाक्यासारखी झाकली जाणारी? तिला टिकाऊ कागद आपण का दिला नाही, हा प्रश्न मौलवींना विचारण्याआधी आपण आपल्याला विचारला पाहिजे.

याच पट्ट्यात, पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, र. कृ. जोशी यांनी अनेक वर्षे शिकवले. अक्षर म्हणजे हाताची कृती, या जाणिवेने काम करणारा हा कवी आणि अक्षरचित्रकार. आज संगणकावर सर्रास दिसणारा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा. कातिबाच्या नस्तालिकला आणि जोशींच्या देवनागरीला जोडणारी वाट आपल्याइतकी जवळची दुसऱ्या कोणाला असणार? उजवीकडून लिहायचे आणि डावीकडूनही, हे दोन्ही हात आपल्याकडे आहेत. घरात तख्तीवर अलिफ-बे आणि शाळेत पाटीवर ग म भ न गिरवलेल्या पिढ्या आपल्या आहेत. या दुहेरी वळणातून रेघेचे काय होते, हे मराठी साहित्याला आपणच सांगू शकतो.

ते सांगण्याची सुरुवात आपल्या अंकांपासून व्हावी. कवितेच्या खाली, कथेच्या डोक्यावर रेखाटने छापण्याची मराठी नियतकालिकांची जुनी रीत आहे. चित्रकाराचे नाव मात्र अनुक्रमणिकेच्या तळाशी ‘सजावट’ या एका शब्दापुढे सर्वांचे मिळून येते, कधी येतही नाही. खाका काढणाऱ्याचे जे होते तेच आपण आपल्या पानांत करतो. यापुढे रेखाटनाखाली त्याच पानावर नाव छापावे, आणि दर अंकात एक लेख असा असावा ज्यात कोणा एकाच्या रेघेचे गुणदोष सांगितलेले असतील. स्तुतिपर नको, समाजाची शान वगैरे नको. ही रेघ इथे का थांबली, इतके जरी कोणी विचारले तरी काढणाऱ्याला कळेल की आपल्याकडे कोणीतरी पाहिले.